डक्ट चालतो, भोक चालत नाही

(पुण्यात विद्यार्थ्यांच्या रेसिंग टीमपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आधी एक हिशेब करू. अकराशे किलोची गाडी ब्रेक मारून ताशी 180 किलोमीटरवरून 80 वर आणायची. अंदाजे 11 लाख ज्यूल उष्णता, तीनेक सेकंदांत. नळाचं साडेतीन लिटर पाणी उकळायला लागते तेवढी. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला धरा. म्हणजे पाच किलोची बिडाची ब्रेक डिस्क एकेका ब्रेकला दीडशे अंशांहून जास्त तापते. जरा निवतेय तोवर पुढचं वळण हजर. ही उष्णता पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असेल तर 230 अंशांपर्यंत दम धरतं, पण पाणी शोषलेलं असेल तर 155 च्या पुढे त्याचा भरवसा नाही. उकळलं की नळीत बुडबुडे, आणि पेडल थेट तळाला. माझं एकदा गेलंय. दोनदा-तीनदा पाय आपटला, तोवर रेतीत होतो.

म्हणून डक्ट, म्हणजे ब्रेकला वारं पोचवायची वाट. बंपरच्या तोंडाशी हवा पकडायची आणि तीन इंची होजमधून, म्हणजे लवचिक नळीतून, डिस्ककडे न्यायची. नुसतं डिस्कच्या तोंडावर वारं घालू नका. एक बाजू थंड, दुसरी लाल, आणि मग तडे. व्हेंटिलेटेड, म्हणजे मधे हवेला वाट ठेवलेली डिस्क हा फिरता पंखाच. मधून हवा ओढते, कडेनं फेकते. तेव्हा हवा मधोमध द्या.

आता नियम. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या हौशी शर्यतींत इम्प्रूव्हड टूरिंग नावाचा वर्ग असतो. मी उतरायचो तेव्हा तिथला डक्टचा नियम जेमतेम दोन ओळींचा होता: डक्ट लावा, तो पुढच्याच दिशेनं न्या, त्यासाठी बॉडीला हात लावू नका. माझा होज चाक पूर्ण वळवलं की टायरला घासायचा. मी होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत घेतली, चाकावरच्या कमानीच्या आतल्या पत्र्याला भोक पाडलं, होज तिथून काढला. काम झकास! शर्यतीनंतर तपासनीस टॉर्च घेऊन खाली वाकला, भोकात दोन बोटं घातली आणि एवढंच विचारलं, ‘हे कुठे लिहिलंय?’ निकालातून नाव गेलं.

तेव्हा मी जाम चिडलो होतो. आज वाटतं, माणूस बरोबर होता. भोकाला परवानगी दिली की पुढच्या वर्षी भांडण भोकाच्या मापावर, त्याच्या पुढच्या वर्षी निम्मं मडगार्ड गायब, आणि ज्याचा खिसा जड तो पुढे. फॉर्म्युला वनमध्येही 2020 साली रेसिंग पॉइंट टीमचे 15 गुण गेले, वर 4 लाख युरो दंड, तो मागच्या ब्रेक डक्टवरूनच. गंमत म्हणजे डक्ट गाडीवर तसाच राहिला. आक्षेप होता तो त्याचं डिझाइन मर्सिडीज या दुसऱ्या टीमकडून आल्यावर.

मी भोकावर ठिगळ वेल्ड केलं. होज अडीच इंची घेतला, आधीच्याच फटीतून दामटला, थोडा चपटा झाला. हवा कमी पडायची, म्हणून प्रत्येक शर्यतीआधी ब्रेक ऑइल बदलायचो. पुढच्या तपासणीला तोच माणूस होता. ठिगळावरून अंगठा फिरवला आणि टायर बघायला लागला.