उन्हाळ्यातील परसबाग : आधी मुळांना गारवा, मग पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

गुढीपाडवा झाला की खान्देशात उन्हाचा कडाका जाणवू लागतो, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तो शिगेला पोहोचतो आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. आपण दुपारी दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसतो. अंगणातल्या आणि गच्चीवरच्या झाडांना मात्र आपली जागा सोडता येत नाही. म्हणून मृगाचा पाऊस येईपर्यंत त्यांना कसे सांभाळावे, याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

ऊन वाढले की पाणी वाढवायचे, असा बहुतेक घरांतला हिशेब असतो. तो पूर्ण चुकीचा नाही, परंतु त्यात मुळांचा विचार राहून जातो. झाड पानांवाटे पाणी बाहेर टाकते आणि तेवढे पाणी मुळांनी वर पोहोचवावे लागते. मातीच तापली, साधारण ४० अंशांच्या वर गेली, की कोवळ्या मुळांचे काम मंदावते आणि माती ओली असूनही पाने माना टाकतात. अशा वेळी भर दुपारी आणखी पाणी ओतले तर तापलेल्या, चिखल झालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही व ती कुजू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात दगावणाऱ्या कुंड्यांपैकी अनेक कुंड्या तहानेने नव्हे, तर या अवेळी केलेल्या मायेने जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम कुंड्यांच्या जागेचे आहे. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीही बराच वेळ गरम राहतो. त्यामुळे कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो आणि जास्तीचे पाणीही निघून जाते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि पिशव्या सर्वांत जास्त तापतात. त्यांच्याभोवती गोणपाट गुंडाळावे किंवा त्या मोठ्या मातीच्या कुंड्यांच्या मागे, सावलीच्या बाजूला सरकवाव्यात. सुट्या सुट्या मांडलेल्या कुंड्या एकत्र आणल्या की एकीची सावली दुसरीवर पडते आणि पानांभोवतीची हवाही थोडी दमट राहते.

उन्हाइतकाच आपल्याकडचा कोरडा, गरम वारा झाडांना सुकवतो, हे विसरू नये. रावेर, यावल, चोपडा भागातले केळी-बागायतदार बागेच्या कडेने शेवरी किंवा उंच गवताची दाट रांग लावतात, ती याच वाऱ्यासाठी. घरच्या बागेतही पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला आडोसा हवा. तिथे शेडनेटचा उभा पडदा बांधावा, ते शक्य नसेल तर जुनी सुती साडी ताणून बांधली तरी चालते. वरच्या सावलीसाठी भाजीपाल्याला ३५ ते ५० टक्के सावली देणारे शेडनेट पुरेसे असते. ते झाडांच्या शेंड्यांना टेकू न देता दोन-तीन हात उंच बांधावे, नाहीतर खाली गरम हवा कोंडून राहते.

आता पाण्याविषयी. पाणी पहाटे किंवा सूर्य फार वर येण्यापूर्वी द्यावे. सकाळी आठ-नऊनंतर गच्चीवर पडलेल्या नळीला हात लावून पाहा. आतले पहिले पाणी हाताला चटका देईल इतके तापलेले असते आणि घाईत तेच पाणी सरळ झाडाच्या बुडाशी जाते. ते आधी बादलीत काढून निवू द्यावे. पाणी हवे की नको, हे पानांपेक्षा मातीला विचारावे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. गिलके, दुधी, दोडके यांची मोठी पाने दुपारी लोंबतात, ती संध्याकाळी आपोआप ताठ होतात. संध्याकाळीही ती तशीच राहिली, तरच पाणी कमी पडले असे समजावे.

आणखी एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घालतात. हेतू चांगला आहे, पण कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. बोअरच्या आधीच जड असलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतात. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरलेली दिसली आणि पानांच्या कडा करपू लागल्या, की क्षार साचले असे ओळखावे. ती पापडी खरवडून काढावी आणि एकदा तळातून पाणी वाहून जाईपर्यंत चांगले पाणी द्यावे. कूलरचे पाणी अंगण धुवायला वापरावे.

अंगणात काळी माती असेल तर तिला भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि बारीक मुळेही तुटतात. यावर आच्छादनासारखा उपाय नाही. गव्हाचे काड, उसाचे पाचट, केळीची वाळलेली पाने, यांपैकी जे सहज मिळेल त्याचा दोन-तीन इंचांचा थर आळ्यात पसरावा, मात्र खोडापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. वाळवीचा त्रास असेल तर आच्छादनाखाली मूठभर निंबोळी पेंड टाकावी. आठ-दहा दिवस गावाला जायचे असेल तर आळ्याजवळ मातीचा कोरा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि तोंडावर झाकणी ठेवावी. पाणी झिरपत मुळांशी पोहोचते. माठ मोठा घ्यावा आणि मधे एकदा भरायला शेजाऱ्यांना सांगून ठेवावे.

टोमॅटो आणि मिरचीची फुले या दिवसांत गळतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २५ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचे परागकण नीट काम करीत नाहीत. त्यावर खताचा उपाय नाही. झाड सावलीत जगवावे, इतकेच आपल्या हाती आहे. लिंबावर आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळे असतील तर पाण्याच्या पाळ्या चुकवू नयेत, कारण एकदा कडक ताण आणि लगेच भरपूर पाणी, असे झाले की फळे गळतात. मोगऱ्याला मात्र सावलीत नेऊ नका, त्याला हे ऊनच फुलवते.

कोरड्या हवेत वांगी, भेंडी आणि गुलाबावर लाल कोळी येतो. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खालच्या बाजूला नाजूक जाळी दिसते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तो बराच आटोक्यात येतो. कमी झाला नाही, तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबणाचा चुरा मिसळून फवारावे. हा फवारा ऊन उतरल्यावरच द्यावा, नाहीतर पाने भाजतात.

एप्रिल-मे महिन्यांत कुंडी बदलणे, जोराची छाटणी करणे, युरिया देणे किंवा ताजे शेण घालणे टाळावे. नवीन काही लावण्याची हौस असेल तर सावलीच्या कडेला पोकळा किंवा तांदुळजा पेरावा. तीन-चार आठवड्यांत घरची ताजी पालेभाजी मिळते.

आणि भरताची वांगी हवी असतील, तर त्यांची तयारी याच दिवसांत करावी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मातीतले हे वाण घरोघरी टिकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. रिकाम्या वाफ्याची माती मे महिन्यात खणून, उलटवून कडक उन्हात तापू द्यावी, म्हणजे तिच्यातील किडींचे कोष आणि रोगांचे बीज बरेच कमी होते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बियाणे आत्ताच मागून ठेवावे. मृगाचा पहिला पाऊस झाला की गादीवाफ्यावर किंवा पसरट कुंडीत, बोटभर अंतरावर ओळी काढून बी पेरावे आणि वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. चार-पाच आठवड्यांत रोपे वीतभर होतात. पावसाने जरा उघडीप दिली की एखाद्या संध्याकाळी ती वाफ्यात लावावीत आणि दोन रोपांत किमान अडीच फूट अंतर ठेवावे, कारण या वांग्याचे झाड चांगलेच पसरते.

नमस्कार.