फक्त महाराष्ट्रीय कुटुंबासाठी

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास इथवर यायला लागलाय, तेव्हा फार वेळ घेत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. 'दोन बेडरूमचा काँडो भाड्याने देणे आहे. शाळा उत्तम, एरिया चांगला. फक्त महाराष्ट्रीय कुटुंबासाठी.' खाली चौदा अंगठे, त्यातला एक माझा. माझ्या मुलीने फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे बेकायदेशीर आहे." मी हसलो. ती हसली नाही.

तिचंच बरोबर होतं. अमेरिकेच्या १९६८च्या फेअर हाउसिंग ॲक्टप्रमाणे घर देताना वंश, रंग, धर्म, मूळ देश बघायचा नाही. चार घरांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर त्याला भाडेकरू निवडण्यात थोडी मोकळीक आहे. पण 'अमक्यांनाच देणार' अशी जाहिरात त्यालाही करता येत नाही. आणि वंशाच्या बाबतीत ती मोकळीकही नाही. १८६६चा जुना नागरी हक्क कायदा खाजगी घरमालकालाही बांधतो, असं सुप्रीम कोर्टाने १९६८च्या जूनमध्येच सांगितलं.

हा कायदा सुखासुखी झालेला नाही, आणि त्यातली बरीचशी गोष्ट आपल्या शिकागोत घडली. १९६६च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग नॉर्थ लॉनडेलमधल्या एका पडक्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. सरकारी नकाशांवर १९३०च्या दशकात अशा वस्त्या लाल रंगवलेल्या होत्या, म्हणजे तिथे बँकेचं कर्ज मिळणं कठीणच. मग कृष्णवर्णीय कुटुंबं दलालाकडून हप्त्यांच्या करारावर, दुप्पट किमतीत घर घ्यायची. कागद दलालाच्या नावावर. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि तोवर भरलेले पैसेही बुडाले. आपल्यापैकी किती जणांनी घरावर कर्ज काढून मुलांच्या कॉलेजची फी भरली? मी भरली. त्या कुटुंबांना ती सोयच नव्हती. आजही अमेरिकेत गोऱ्या कुटुंबांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांचं स्वतःचं घर आहे, कृष्णवर्णीयांत जेमतेम पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास.

त्याच वर्षी ५ ऑगस्टला शिकागोतल्याच मार्केट (Marquette) पार्कच्या मोर्चात किंग यांच्या डोक्याला दगड लागला. घरांचं बिल मात्र काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकलेलंच होतं. १९६८च्या मार्चमध्ये ते सेनेटने मंजूर केलं. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांना गोळी घातली, १० तारखेला हाउसने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, होकार दिला आणि ११ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. ११ एप्रिल म्हणजे जोतीरावांचा जन्मदिवस. योगायोगच, पण 'गुलामगिरी' त्यांनी १८७३ साली अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, म्हणून मला तो विसरता येत नाही.

आणि बाबासाहेब! कोलंबियात शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले, तर शहरात कोणी घर देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. 'फक्त आमच्यांसाठी' ही ओळ मराठी माणसाला शिकवायला अमेरिकन कायदा कशाला हवा?

माझंही ऐका. १९८४ साली मी फोनवर विचारलं तेव्हा फ्लॅट रिकामा होता, दारात उभा राहिलो तोवर तो 'गेला' होता. अजून आठवतं. तरी पाच वर्षांनी घर घेताना मी एजंटला विचारलंच, "एरिया कसा आहे? लोक कसे आहेत?" तो म्हणाला, "ते मला सांगता येत नाही." मला वाटलं, काय बिनकामाचा माणूस आहे! तो बिचारा कायदा पाळत होता. गिऱ्हाइकाचा वंश बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवणं हेच बेकायदेशीर आहे, आणि मी त्याला तेच करायला सांगत होतो. आपला 'चांगला एरिया' कुठल्या नकाशावरून आलाय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

इलिनॉयमध्ये ज्यांचे काँडो भाड्याने आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. जानेवारी २०२३पासून सरकारी व्हाउचरवर, म्हणजे घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, भाडं भरणाऱ्याला केवळ तेवढ्या कारणावरून नाही म्हणता येत नाही. "व्हाउचरवाले नकोत बाबा" हे मी या हॉलमध्ये ऐकलं आहे. नावं घेत नाही, जेवायचंय मला.

त्या काँडोच्या मालकीणबाई समोरच बसल्या आहेत, त्यांना विचारूनच हे सांगतोय. त्यांनी जाहिरात पुन्हा टाकली, शेवटची ओळ काढून. या वेळी अंगठे तीन आले.