देवळालीचा ताप

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बोलीतले काही शब्द आज पाहू. अशा शब्दाचं मूळ शोधताना एवढं धरून ठेवा: शब्द कानातून कानात जातो, स्पेलिंग मागाहून येतं.

म्हणून आद्याक्षरं जोडून सांगितलेली व्युत्पत्ती आली की सावध व्हा. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, हिंदुस्थानच्या बोटीवर जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची सावलीची केबिन, असं सांगतात. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. ऑस्ट्रेलियात इंग्रजाला ‘पॉम’ म्हणतात, त्याची ‘प्रिझनर ऑफ मदर इंग्लंड’ ही फोडही मागाहून रचलेली. जाणकार डाळिंबाकडे बोट दाखवतात. इमिग्रंटशी यमक जुळवायला पॉमेग्रॅनेट घेतलं, आणि त्याचा तुकडा पॉम. तुकडे पाडण्याची ऑस्ट्रेलियन माणसाला हौसच. शब्दाचं पुढचं टोक ठेवायचं, मागे ‘ओ’ किंवा ‘ई’ लावायचा. आफ्टरनूनचं आर्व्हो, ब्रेकफास्टचं ब्रेकी, सर्व्हिस स्टेशन म्हणजे पेट्रोल पंप, त्याचं सर्व्हो.

आता आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला या. एखाद्याचं डोकं फिरलं की ब्रिटनमध्ये म्हणतात, तो ‘डूलॅली’ झाला. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली! (हल्ली मराठी माणसंही इंग्रजी पाटी वाचून ‘देवलाली’ म्हणतात. कानाला फार खुपतं. ‘ळ’ आपला आहे, तो आपणच सांभाळायचा.)

एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिश लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथे येत. पण सैनिकांच्या बोटी मुंबईहून साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. मार्चची शेवटची बोट हुकली की अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा छावणीतच. हत्यारं जमा झालेली, कवायत जवळजवळ नाही. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी लांबची चाल, बाकी दिवस रिकामा. त्यात दारू, हिवताप आणि घराची ओढ. वर्षानुवर्षं शिस्तीत राहिलेली माणसं बोटीची वाट बघताना विचित्र वागू लागत. देवळालीची हवा उत्तम, मुंबईची माणसं हवापालटाला जातात तिथे. तेव्हा हवेला बोल लावू नका. त्या माणसांना वाट पाहण्यानं गाठलं.

सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. हा टॅप इंग्रजी नव्हे. हा आपला ताप, अंगात भरतो तोच. देवळालीचा ताप!

पुन्हा सांगतो, कानानं ऐका. ‘देव’चं ‘डू’ झालं, ‘ळ’ त्यांच्या जिभेला जमला नाही म्हणून ‘ल’ झाला, आणि ‘ताप’चा ‘त’ ‘ट’ झाला. शिपायांनी हा शब्द लिहून नेला नाही, तोंडात घेऊन बोटीत चढले. त्याच वाटेनं ‘देखो’चं ‘डेको’ झालं, म्हणजे एक नजर टाकणं. ‘विलायती’चं ‘ब्लाइटी’ झालं, म्हणजे त्यांचं घर, इंग्लंड.

पुढे ‘टॅप’ गळून पडला. आज लंडनमध्ये कुणी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, तर घरचे म्हणतात, ‘गॉन डूलॅली’.