काचेच्या भांड्याची जन्मतारीख

नमस्कार मंडळी. साच्यात दाबून केलेली काच, म्हणजे प्रेस्ड ग्लास, जुन्या बाजारात पुष्कळदा कट ग्लास, म्हणजे चाकावर नक्षी कापलेली काच, म्हणून पुढे केली जाते. मला हे खटकतं. या काचेला स्वतःचं मोल आहे, आणि ती ओळखायला डोळ्यांआधी बोटं लागतात.

ही पद्धत अमेरिकेत १८२०च्या दशकात रुळली. लोखंडी साच्यात तापलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून तरफेने दट्ट्या दाबायचा. बाहेरची नक्षी साच्याची, आतली पोकळी दट्ट्याची. त्यामुळे बाहेर कितीही कंगोरे असले तरी भांडं आतून सहसा गुळगुळीत लागतं. साच्यात फुंकलेल्या भांड्यात बाहेरचा उंचवटा आत खळगा होऊन बोटाला जाणवतो. कट ग्लासही आतून गुळगुळीतच असते, म्हणून तिथे बाहेरची कड तपासा. चाकावर कापलेली कड धारदार लागते, साच्यातली जराशी बोथट. साच्याचे भाग जुळतात तिथे बारीक रेघही उमटते. पण भांडं पुन्हा आगीत धरून कारागीर ती बरीच पुसून टाकत, त्यामुळे नक्षीच्या कडेकडेने ती शोधावी लागते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्लंडमध्ये गेट्सहेड आणि संडरलंड ही या काचेची मोठी केंद्रं. तिथल्या साखरेच्या भांड्यावर किंवा बशीवर भिंग धरलं, की कधी कधी उठावाची एक छोटी चौकट सापडते, पत्त्यातल्या चौकटसारखी. ही नक्षीच्या सरकारी नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ या काळातली. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन तीन असेल तर वर्ग काचेचा. त्याखालच्या, म्हणजे वरच्या कोपऱ्यात अक्षर आहे की आकडा, ते नीट बघा. अक्षर असेल तर ते वर्षाचं आणि नोंद १८६७पर्यंतची. आकडा असेल तर तो दिवसाचा, नोंद १८६८ किंवा नंतरची, आणि वर्षाचं अक्षर उजव्या कोपऱ्यात. म्हणजे 'ए' वर असेल तर १८४५ आणि उजवीकडे असेल तर १८७१! एक अक्षर जागा बदलतं आणि सव्वीस वर्षं सरकतात. १८८४पासून चौकट गेली, 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड, आणि पुढे क्रमांक आला.

सोबत कारखान्याची खूणही असू शकते. मोराचं डोकं दिसलं तर गेट्सहेडचा सॉवरबी. ही खूण १८७६ची. सिंह दिसला तर संडरलंडचा ग्रीनर: आधी त्याच्या पंजात तारा, पुढे परशू.

विकणारे मात्र ही तारीख भांड्याचीच म्हणून सांगतात, तिथे सावध राहा. ती नक्षी नोंदवल्याची तारीख आहे. चालणारा साचा पुढे वर्षानुवर्षं वापरला जाई, कारखाना बंद पडला तर दुसरा तो विकत घेई. म्हणून भांडं उलटं करून बूड बघा. खऱ्या वापराचे ओरखडे टेकणाऱ्या कडेवरच असतात, वेगवेगळ्या दिशांना गेलेले. सगळे एकाच दिशेने गेलेले दिसले, तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवला आहे.