हल्लेल म्हणायचं, पण बराखेसह की बराखेविना?

(दृश्य: जेरुसलेम. एका छोट्या सिनेगॉगमधली, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहातली, सकाळची प्रार्थना.)

इय्यार महिन्याची पाच तारीख, इस्रायलचा स्वातंत्र्यदिन. अमिदा ही उभ्याने, पुटपुटत म्हणायची मुख्य प्रार्थना संपते आणि मंडळी तशीच उभी राहतात. आता हल्लेल सुरू होणार. हल्लेल म्हणजे स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८ ही सहा स्तोत्रं. एका सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हझान आधी बराखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारं ठरीव वाक्य, म्हणतो: हे प्रभो, तू धन्य आहेस, हल्लेल म्हणण्याची आज्ञा तू आम्हांला दिलीस. सगळे "आमेन" म्हणतात. दुसऱ्या सिनेगॉगमध्ये तीच सहा स्तोत्रं, पण बराखा गाळून. तिसऱ्या ठिकाणी हल्लेलच नाही, रोजची प्रार्थना आटोपून लोक कामाला लागतात.

गेली सत्तरहून जास्त वर्षं रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, ज्यावर वाद घालत आले आहेत, ती ही एका वाक्याची बराखा. बाहेरून पाहणाऱ्याला हा कीस काढणं वाटेल. पण तालमुदच्या, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या आणि चर्चांच्या प्राचीन ग्रंथसंग्रहाच्या, नियमाप्रमाणे गरज नसताना बराखा म्हणणं म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणं, आणि ते दहा आज्ञांपैकी एकीचं उल्लंघन आहे. शिवाय इथे "तू आज्ञा दिलीस" असं म्हणायचं असतं. मग प्रश्न उभा राहतोच: १९४८च्या युद्धाबद्दल कुणी, कधी आज्ञा दिली?

स्तोत्रं नुसती म्हणायला जवळजवळ कुठलीच अडचण नसते. अडचण देवाचं नाव घालून हक्काने म्हणण्याची आहे.

(दृश्य: तालमुदचं पान. मधे मूळ मजकूर, भोवती भाष्यं.)

हल्लेलच्या बाजूने बोलणारं सर्वांत मोठं वचन तालमुदमधल्या पसाहीम या ग्रंथात, पान ११७वर आहे. संदेष्ट्यांनी असं ठरवून दिलं की इस्रायल एखाद्या संकटातून सुटला, तर त्या सुटकेबद्दल हल्लेल म्हणावं. वाक्य सरळ आहे. जुन्या सणांपुरतंच, असं त्यात म्हटलेलं नाही.

आभार न मानण्याचीही किंमत तालमुदने सांगितली आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब जेरुसलेमवर चालून आला आणि बायबलच्या राजे ग्रंथानुसार एका रात्रीत त्याच्या छावणीतले १,८५,००० सैनिक मेले. नगर वाचलं. सन्हेद्रीन या ग्रंथात म्हटलंय की देव जेरुसलेमच्या हिज्कीया राजाला मशीहा, म्हणजे शेवटचा तारणारा, करणार होता, पण एवढा चमत्कार होऊनही त्याने स्तुतिगीत गायलं नाही, म्हणून ते राहून गेलं.

आता दुसरी बाजू. शब्बाथ या ग्रंथात, पान ११८वर लिहिलंय की जो रोज हल्लेल म्हणतो तो देवनिंदा करतो. ठरावीक दिवसाचं स्तवन रोजचं करून टाकलं की त्याची किंमत जाते. म्हणून दिवस मोजून दिलेत. इस्रायलमध्ये पूर्ण हल्लेलचे दिवस वर्षाला १८: सुक्कोथ आणि त्याला जोडून येणारा समारोपाचा दिवस मिळून आठ, हनुक्काचे आठ, वल्हांडणाचा पहिला दिवस आणि शावुओथ. बाहेरच्या देशांत सण एकेक दिवस वाढतात, म्हणून तिथे २१. अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला आणि वल्हांडणाच्या उरलेल्या दिवसांत अर्धं हल्लेल असतं. त्यात ११५ आणि ११६ या स्तोत्रांची पहिली अकरा-अकरा वचनं सोडतात.

या यादीत पुरीम नाही. कोकणातले बेने इस्रायल यहुदी ज्याला होळीचा सण म्हणत आले, तोच हा सण. इराणी राजा अहश्वेरोशाचा मंत्री हामान याच्या कटातून सगळी जमात वाचली, तरी हल्लेल नाही. मगिल्ला या ग्रंथात तीन उत्तरं आहेत. एक, चमत्कार इस्रायलच्या भूमीबाहेर घडला. दोन, एस्तेरचा ग्रंथ वाचणं हेच त्या दिवसाचं हल्लेल. तिसरं उत्तर रावा या पंडिताचं, आणि मला तेच सर्वांत खोल वाटतं: हल्लेलची सुरुवात "परमेश्वराच्या सेवकांनो, स्तवन करा" अशी आहे. पुरीमनंतर लोक जिवंत राहिले खरे, पण अहश्वेरोशाचे चाकरच राहिले. म्हणजे नुसता जीव वाचून भागत नाही, दुसऱ्याची गुलामीही सुटावी लागते. १९४८नंतर ज्यांनी बराखेचा आग्रह धरला, त्यांना हे उत्तर फार मोलाचं वाटलं. आता आपण कुठल्याच अहश्वेरोशाचे चाकर नाही, असं ते म्हणाले.

(दृश्य: नऊ दिव्यांची हनुक्किया.)

हनुक्का हा युद्धानंतर आभार मानण्याचा मूळ नमुना. तालमुद सांगतं की ग्रीक राजवटीकडून परत मिळवलेलं जेरुसलेमचं मंदिर शुद्ध झाल्यावर पुढच्या वर्षी ते दिवस हल्लेल आणि आभाराचे ठरले. लगेच नव्हे, पुढच्या वर्षी. मधल्या काळात विद्वानांनी घटनेचा अर्थ लावला. त्या आठ दिवसांत अमिदामध्ये "अल हनिस्सीम" हा परिच्छेद येतो. त्यात देवाने बलवान दुबळ्यांच्या हाती दिले, पुष्कळ थोड्यांच्या हाती दिले, असं म्हणतात. लढले मक्काबी हे यहुदी बंडखोर, पण क्रियापद देवाचं.

आभाराचे दिवस रद्दही होतात. दुसऱ्या मंदिराच्या काळात मगिल्लत ताअनीथ नावाची यादी होती. विजयाचे आणि सुटकेचे कितीतरी दिवस तिच्यात होते, त्या दिवशी उपास वर्ज्य. अदारची तेरा तारीख ही निकानोर या सेनापतीवरच्या विजयाची. मंदिर पडल्यावर हनुक्का आणि पुरीम सोडून ही यादी बाद ठरली. आज अदारच्या तेराव्या दिवशी यहुदी लोक एस्तेरचा उपास करतात!

यादी बाद झाली, मग नवा दिवस कोण घालणार? तरी गावोगावच्या जमातींनी आपापले पुरीम ठरवले. १५२४ साली कैरोत बंडखोर सुभेदार अहमद पाशा मारला गेला आणि यहुदी वाचले, म्हणून अदारची २८ तारीख. फ्रँकफर्टमधून १६१४ साली हाकलले गेलेले यहुदी १६१६मध्ये सन्मानाने परत आले, म्हणून अदारची २०. रब्बी मोशे अलश्कार यांनी निर्णय दिला की जमात असा दिवस ठरवू शकते आणि तो वंशजांनाही बांधतो. परी हादाश या ग्रंथाचे कर्ते हिज्कीया दा सिल्वा यांनी विरोध केला: जुने दिवसच रद्द झाले, तर नवे कसे जोडणार? फ्रँकफर्टचेच असलेले रब्बी हातम सोफेर अलश्कारांच्या बाजूने उभे राहिले. मृत्यूतून जीवनाकडे येणाऱ्याने आभार मानायचे, हे तोराहच्याच, म्हणजे मूळ धर्मशास्त्राच्याच, तर्काने सिद्ध होतं, असं त्यांचं म्हणणं.

एकट्या माणसाला वाट सोपी आहे. समुद्रप्रवास, वाळवंटाचा प्रवास, आजार किंवा कैद यांतून सुटलेल्याने दहा जणांच्या समुदायापुढे हगोमेल ही बराखा म्हणायची. बेने इस्रायली सैनिक सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आले. सुटलो तर सिनेगॉग बांधीन, हा त्यांचा नवस असल्याचं परंपरा सांगते. मुंबईत मांडवीला १७९६ साली शार हारहमीम हे सिनेगॉग उभं राहिलं. मराठी यहुदी घरांत नवस फिटला की मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, स्मरण. एकाच्या सुटकेची खात्री त्यालाच असते. राष्ट्राच्या बाबतीत ती कुणी द्यायची?

(दृश्य: १९४८ची कृष्णधवल छायाचित्रं.)

१४ मे १९४८ला राज्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत शिरल्या. हर्झोग आणि उझीएल या मुख्य रब्बींच्या काळात मुख्य रब्बी मंडळाने स्वातंत्र्यदिनाला हल्लेल ठरवलं, पण बराखेविना. आक्षेप तीन होते. पहिला अठराव्या शतकातले रब्बी हाइम योसेफ दाविद अझुलाई यांच्या आधाराने: बराखेसह हल्लेल सगळ्या इस्रायलच्या सुटकेसाठी असतं, आणि इथे तर बहुसंख्य यहुदी देशाबाहेर होते. दुसरा, हनुक्काच्या कथेतलं एका दिवसाचं तेल आठ दिवस जळण्यासारखा उघड चमत्कार इथे कुठला? तिसरा मला सर्वांत वजनदार वाटतो: पाच इय्यारला संकट संपलं नाही, सुरू झालं.

रब्बी मेशुलाम रॉथ यांनी मात्र पूर्ण हल्लेल बराखेसह म्हणावं, असा निर्णय लिहून दिला. तिसऱ्या आक्षेपाला हनुक्काचं उदाहरण देता येतं. इसवी सनापूर्वी १६४मध्ये मंदिर शुद्ध झालं तेव्हाही युद्ध संपलं नव्हतं; यहूदा मक्काबी पुढे चार वर्षांनी रणांगणावरच पडला.

जून १९६७च्या युद्धात चित्र पालटलं. जुनं जेरुसलेम हाती आलं ती इय्यारची २८ तारीख. संकट आणि सुटका सहा दिवसांत समोरासमोर दिसली, आणि मुख्य रब्बी मंडळाने या दिवसाला बराखेसह हल्लेल ठरवलं. पुढे शलोमो गोरेन मुख्य रब्बी असताना स्वातंत्र्यदिनालाही बराखा आली. त्यांचे सहकारी, सेफार्दी (मूळच्या स्पेनच्या आणि पूर्वेकडच्या) यहुद्यांचे मुख्य रब्बी ओवादिया योसेफ शेवटपर्यंत बराखेविनाच म्हणा, असं सांगत राहिले. सातमार या कट्टर पंथाचे रब्बी योएल टायटेलबाउम यांनी तर हा चमत्कार देवाचा मानायलाच नकार दिला. मशीहाच्या आधी बळाने राज्य घ्यायचं नाही, ही तालमुदमधली शपथ मोडली, असं त्यांचं ठाम मत.

आणि शत्रूच्या मृत्यूचं काय? मगिल्ला, पान १०. इस्रायलचा पाठलाग करणारे मिसरी समुद्रात बुडत असताना देवदूत गायला निघाले, तेव्हा देव म्हणाला: माझ्या हातची निर्मिती बुडतेय आणि तुम्ही गाता? याच पानावर एक बारीक निरीक्षण आहे. यहोशाफाट राजाने सैन्यापुढे गायक चालवले. "परमेश्वराचे आभार माना, त्याची दया सनातन आहे," असं ते गात होते. या गीतात एरवी येणारे "कारण तो चांगला आहे" हे शब्द तिथे नाहीत. कारण दुष्टांच्या पतनाने देवाला आनंद होत नाही. मिसरी बुडाले त्या, वल्हांडणाच्या सातव्या दिवशी अर्धं हल्लेल का, याचं मिद्राशमधलं, म्हणजे बायबलवरच्या जुन्या रब्बी भाष्यांतलं, कारणही हेच. तालमुदचं कारण वेगळं, त्या दिवसांच्या बलिदानांशी जोडलेलं आहे. पण लोकांच्या मनात मिद्राशचंच घर करून बसलंय.

इथे एक गोष्ट खटकते. ११५व्या स्तोत्राची पहिलीच ओळ: "आम्हांला नको, प्रभो, आम्हांला नको, तुझ्याच नावाला गौरव दे." विजयानंतर "माझ्याच बाहुबळाने झालं" असं म्हणण्याविरुद्ध बायबलच्या अनुवाद (Deuteronomy) या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात इशारा आहे, त्यावर याहून नेमकं औषध नाही. सावधगिरी म्हणून स्वातंत्र्यदिनाला अर्धं हल्लेल म्हणणाऱ्यांकडून नेमकी हीच ओळ सुटते.

(दृश्य: भिंतीवरचं हिब्रू कॅलेंडर.)

उरला तारखेचा गुंता. हिब्रू पंचांगात पाच इय्यार सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार या चारच वारी येऊ शकते. शुक्रवारी किंवा शनिवारी आली, तर शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, मोडू नये म्हणून उत्सव आधीच्या गुरुवारी घेतात. सोमवारी आली, तर आदल्या दिवशीच्या हुतात्मा स्मृतिदिनाची तयारी शब्बाथच्या दिवशीच करावी लागते. म्हणून २००४पासून उत्सव मंगळवारी ढकलतात. म्हणजे खऱ्या तारखेला तो फक्त बुधवारी पडतो. हल्लेल साजऱ्या दिवशी म्हणायचं की मूळ तारखेला, हा प्रश्न मग नव्याने येतो. जो बराखा म्हणतो, त्याच्यासाठी तो जास्त कठीण, कारण चमत्काराचा दिवस चुकला तर त्याची बराखाच व्यर्थ जाण्याची भीती. १९४८ची पाच इय्यार शुक्रवारी होती. आजच्या नियमाने तिचा उत्सव गुरुवारी, चार इय्यारला झाला असता.