आधी गडगा, मग गाव

श्रोतेहो, नमस्कार.

दहा-पंधरा जणांनी मिळून परदेशी जायचं, तिथे थोडं फिरायचं आणि थोडं कुणाच्या उपयोगी पडायचं, असा विचार करणारे गट आता बरेच भेटतात. कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. आठ दिवस प्रेक्षणीय स्थळं आणि मध्ये एक दिवस सेवा. शाळा रंगवू, झाडं लावू, किनारा साफ करू. हेतूबद्दल मला शंका नाही. मला बोलायचंय ते त्या एका दिवसाबद्दल.

एका दिवसात पंधरा नवखी माणसं काय करणार? सकाळी पोचायचं, ओळखीपाळखी, काम समजून घ्यायचं, दोन-तीन तास हात चालवायचे, फोटो काढायचे आणि गाडीत बसायचं. तेवढ्यासाठी तिथल्या संस्थेची दोन माणसं दिवसभर आपल्या मागेपुढे करतात आणि त्यांचं रोजचं काम तसंच पडून राहतं. मदत नक्की कुणी कुणाला केली?

मला हे उमगलं ते एका भिंतीपाशी. बारा जणांचा आमचा गट फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका डोंगरगावात गेला होता. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेतं, आणि ती धरून ठेवणाऱ्या दगडी ताली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपण ज्याला गडगा म्हणतो, तेच काम. ही कला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, फ्रान्ससह आठ देशांच्या नावे. जुनी बांधकामं स्वयंसेवकांच्या हातून सावरून घ्यायची फ्रान्समध्ये चांगली रुळलेली पद्धत आहे. रांपार नावाचा तिथल्या संस्थांचा संघ १९६६ पासून हेच काम करतो.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक दगडाची रुंद, देखणी बाजू बाहेर येईल अशी रचत गेले. दुपारपर्यंत हातभर उंचीची भिंत उभी राहिली आणि दिसायलाही छान दिसत होती. गवंडी आजोबा आले. काही बोलले नाहीत. पहारीचं टोक लावून त्यांनी तीन दगड हलवले आणि तिन्ही सुटून खाली आले. मग त्यांनी एक दगड उचलून वळवून दाखवला. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात जायला हवी, बाहेर दिसतं ते फक्त त्याचं टोक. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच उभी चिरते. पोटात चिपा ठासायच्या, माती भरायची नाही, कारण मागचं पाणी निथळून गेलं नाही तर भिंत फुगते आणि एखाद्या पावसात बसते. आम्ही सगळी भिंत उतरवली. दुसऱ्या दिवशीही निम्मी उतरवली. तिसऱ्या दिवशी दगड हातात घेतला की तो कुठे बसेल हे थोडंथोडं कळायला लागलं. आमचं खरं काम झालं ते चौथ्या आणि पाचव्या दिवशी.

म्हणून माझं सांगणं असं, की कामाचे दिवस सलग ठेवा आणि सुरुवातीला ठेवा. प्रवासाचा शीण जायला एक दिवस द्या, मग चार-पाच दिवस काम, आणि फिरणं त्यानंतर. उलट केलंत तर काय होतं? लोक आधीच चालून, जागून थकलेले असतात, मनं घरी पोचलेली असतात आणि काम म्हणजे उरकायची गोष्ट होते. कामाच्या दिवसांतही दुपारनंतरचा वेळ मोकळा ठेवा. आम्ही सकाळी गारव्यात काम करायचो आणि उन्हं कलली की जवळपास भटकायचो. कुणाला वाटेल, अशाने फिरायला दिवस कमी पडतील. पडतात. पण फिरण्याचा कसच बदलतो.

काम संपल्यावर आम्ही पाँ द्यु गार बघायला गेलो. पहिल्या शतकातला, रोमनांनी पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला तीन मजली कमानींचा पूल, सुमारे ४९ मीटर उंच. त्याच्या मोठ्या कमानींचे दगड चुन्याशिवाय बसवलेले आहेत, काही काही तर सहा टनांपर्यंतचे. आठवड्यापूर्वी गेलो असतो तर वर बघून, फोटो काढून परतलो असतो. त्या दिवशी आमच्यातली एक मुलगी सरळ खांबापाशी गेली आणि दोन दगडांमधल्या फटीवरून बोट फिरवत उभी राहिली. मग एकेक करत आम्ही सगळेच तिथे जमलो. तासभर कुणाला हलावंसं वाटलं नाही. काम आणि पर्यटन एकत्र करायचं ते यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

आता यातली अवघड बाजू. काम कुणी मागितलंय? देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी एकत्र राबायचं, ही कल्पना १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने उभी केली. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेलं फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळचं एक खेडं पुन्हा उभं करायला त्याने माणसं नेली आणि त्यात मुद्दाम जर्मनही घेतले. याहून उदात्त काय असेल! पण ज्या शत्रूने घरं पाडली त्याच्या हाताने ती बांधलेली तिथे अनेकांना सोसेनात, आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावं लागलं. सेरेसोल खचला नाही. बिहारच्या १९३४च्या भूकंपानंतर तो तिथेही गावं वसवायला आला होता. पण त्या पहिल्या शिबिराची गोष्ट मला विसरता येत नाही. चांगलं कामसुद्धा तिथल्या माणसांना हवं असावं लागतं. गट ठरवताना यजमानांना एवढं विचाराच: आम्ही आलो नाही तर हे काम कोण करेल? उत्तर 'गावातले रंगारी' किंवा 'गावातले गवंडी' असं आलं, तर त्यांची मजुरी आपण बुडवतोय. तिथे जाऊ नका.

आणि मुलांच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते, अनाथालयाची भेट कार्यक्रमात घालू नका. कंबोडियात २००५ साली अशी १५४ निवासगृहं होती, २०१० साली ती २६९ झाली. अनाथ मुलं वाढली म्हणून नव्हे. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून गरीब घरांतली मुलं आणून ठेवली जात होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी अशा प्रकारालाही त्या गुलामगिरीत गणलं. दर आठवड्याला नवी माणसं येऊन लळा लावतात आणि निघून जातात, तेव्हा त्या मुलांच्या मनाचं काय होत असेल, याचा विचार करा.

दिवस खरोखरच थोडे असतील तर काम फिरण्याच्या वाटेवरच शोधा. एव्हरेस्टच्या पायवाटेवर नामचेहून लुक्लाकडे उतरणाऱ्या ट्रेकरना एक किलो कचऱ्याची पिशवी खाली न्यायला देतात. आपण तसेही उतरतच असतो, पाठीवर एक किलो वाढतं इतकंच. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी २०१९च्या एप्रिलमध्ये दोन दिवस १० ठिकाणं पर्यटकांसाठी बंद ठेवली आणि १०० स्वयंसेवकांना बोलावून पायवाटा नीट करून घेतल्या. राहायची-जेवायची सोय यजमानांची. बोलावणं त्यांचं होतं आणि काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नका. पर्यटक व्हिसावर विनामोबदला काम चालेलच असं नाही. थायलंडमध्ये स्वयंसेवेलाही कामाचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. विचारून, लेखी घेऊन जा. प्रवास विम्यात अंगमेहनतीचं काम धरलंय का तेही बघा, अनेक विम्यांत ते वगळलेलं असतं. धनुर्वाताची लस दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुन्हा घ्या. आणि गटात कुणाला फक्त फिरायचं असेल तर ते निघण्याआधी बोलून घ्या. तिथे पोचल्यावर दोघं कुरकुरायला लागली की दहा जणांचा हुरूप जातो. ज्यांना वजन उचलवत नाही त्यांना चिपा निवडायला बसवा. आमच्यातल्या सत्तरीच्या काकूंनी ते काम इतकं नेमकं केलं, की तिसऱ्या दिवसापासून गवंडी आजोबा त्यांच्याच ढिगातल्या चिपा मागायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी आम्हाला एक कागद दिला आणि पुढच्या गटासाठी लिहून ठेवायला सांगितलं. आम्ही लिहिलं: भिंत अंजिराच्या झाडापर्यंत झाली आहे. पुढे चढ आहे, त्याच्या पायासाठी मोठे दगड डाव्या हाताला वेगळे काढून ठेवलेत. शेवटच्या दोन हातांत एक सांधा सरळ आला आहे, तो उतरवून पुन्हा रचा.