खाऱ्या वाऱ्यातला कामाचा टॅब

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कामासाठी टॅब कसा निवडावा’. समोर बागायतदार आहेत, होमस्टेवाले आहेत, शिक्षक आहेत, ठेकेदार आहेत, मागे बंदरावरची मंडळीही दिसतायत. सगळ्यांना नाव हवंय आणि किंमतीचा अंदाज हवाय. नावं सांगणार आहे, शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठीच ठेवली आहेत. पण आधी एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. टॅबवरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या शहरी खोलीत तयार होतात, त्यामुळे इथला खरा प्रश्न त्यांच्यासमोर उभाच राहत नाही. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर टॅबचा प्रोसेसर म्हातारा होण्याच्या कितीतरी आधी त्याचं चार्जिंगचं पोर्ट जातं. म्हणून इथल्या माणसाने टॅब निवडताना पहिला प्रश्न त्या सी-टाइपच्या भोकाचा विचारावा आणि मग वर चढत जावं.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि त्यातच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते, आणि पाऊस नसला तरी पहाटेच्या दवात ती रेषा कितीदा ओलांडली जाते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. ते खारे वारे दिवसभर मिठाचे बारीक कण आत आणतात. ते खिडकीच्या गजांवर बसले की गंज दिसतो. टॅबच्या पोर्टात बसले की कुणाला दिसत नाही, आणि पावसाळा आला की बरणीत होतं तेच तिथे होतं.

आता पोर्टाच्या आत डोकावू. सी-टाइपच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा, मिळून २४ जागा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. वीज आणणाऱ्या पिनेला खेटून सीसी नावाची पिन असते. केबल कोणत्या बाजूने लागली आणि चार्जर किती वीज देऊ शकतो, हे तिच्यावरून कळतं. या दोघींमध्ये खारट ओलाव्याचा थर बसला आणि तुम्ही चार्जर लावलात, की त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये विद्युत-विघटन सुरू होतं, म्हणजे विजेने धातू विरघळायला लागतो. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो फार पातळ, आणि केबल घालून-काढून झिजलेला. मग खालचं निकेल, त्याच्या खालचं तांबं खाल्लं जातं. लक्षणं ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फास्ट चार्जिंग बंद होतं. मग केबल एका बाजूने लागते, उलटी केली की लागत नाही, कारण जिभेच्या एकाच अंगाची सीसी पिन गेलेली असते. शेवटी केबल वाकवून, खाली वही ठेवून चार्जिंग चालतं. हसताय, म्हणजे हे घरोघरी आहे.

आणि यावरचा उपाय म्हणून आपण काय करतो? तांदळाच्या डब्यात पुरतो. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण या एका समजुतीने किनाऱ्यावरचे कितीतरी टॅब मारलेत. तांदूळ पोर्टातला ओलावा ओढत नाही, आणि मीठ तर जागचं हलतही नाही. उलट तांदळाची भुकटी आणि कण आत जाऊन बसतात. ॲपलने आपल्या सूचनांत तांदळाला स्पष्ट मनाई केली आहे, कापसाची काडी किंवा टिश्यू आत खुपसायलाही. दुसरा प्रकार हेअर ड्रायरचा. पाणी उडून जातं, मीठ तिथेच वाळतं आणि पुढच्या दमट रात्री पुन्हा ओलं होतं. तिसरा सेफ्टी पिनेचा, त्याने उरलासुरला मुलामा खरवडला जातो. चौथा चुंबकाच्या टोकाच्या केबलचा. त्या टोकाचे संपर्क उघडे राहतात आणि दमट हवेत तेच आपसात जोडले जातात. रबराचं बूच चांगलं, पण पोर्ट कोरडं असतानाच लावलेलं. ओल्या पोर्टाला लावलंत तर ओल आत कोंडली जाते. आणि टॅब ‘पोर्टात ओलावा आहे’ अशी सूचना देऊन चार्जिंग थांबवतो, तेव्हा ती सूचना बाजूला सारून पुन्हा चार्जर खुपसणं हा या सगळ्यांत मोठा अपराध. टॅब तेव्हा तुमचे पैसे वाचवत असतो.

करायचं ते सोपं आहे. टॅब पूर्ण बंद करायचा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. मऊ नायलॉनच्या बारीक ब्रशचं टोक त्यात किंचित भिजवून जिभेच्या दोन्ही अंगांवरून हलकेच फिरवायचं, पोर्ट खाली करून ठेवायचं, अर्धा तास सुकू द्यायचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. रात्री टॅब घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, सोबत शंभरेक ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओल पिऊन हिरवं पडतं. मग १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळं टाळा, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. घरात लहान मुलं असतात.

आता आयपी ६८, म्हणजे टॅब धूळ-पाणी किती सोसतो त्याचं मानांकन. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ८ म्हणजे कंपनीने ठरवलेल्या खोलीवर, ठरवलेल्या वेळेपुरतं बुडवून तपासलंय. सॅमसंग दीड मीटर आणि तीस मिनिटं सांगते. ही चाचणी गोड्या पाण्याची. शिवाय हमी आहे ती पोर्टातून पाणी टॅबच्या पोटात जाणार नाही याची. पिना बाहेरच असतात, उघड्याच. म्हणजे आयपी ६८ वाल्यालाही वरची सगळी काळजी लागू. तरी किनाऱ्यावर मी त्याचाच आग्रह धरतो, कारण लाटेचं पाणी उडालं तर असा टॅब बंद करून गोड्या पाण्याने धुता येतो आणि नीट वाळवता येतो. आयपॅडच्या एकाही मॉडेलला आयपीचा आकडा नाही. तो नळाखाली धरायचा नाही, बंद करून, चार्जर न लावता, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

पोर्ट वाचवायचा आणखी एक मार्ग म्हणजे ते वापरायचंच नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह ५ ला कडेला पोगो पिना, म्हणजे चार्जिंगचे बाहेरचे संपर्क, आहेत; डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, ठेवला की चार्ज होतो. आयपॅड एअर आणि प्रोच्या मॅजिक कीबोर्डला स्वतःचं सी-टाइप असतं, तिथून टॅबला वीज जाते. झिजलंच तर कीबोर्डचं झिजेल.

विजेचं थोडक्यात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-दापोलीकडच्या किती गावांनी किती दिवस अंधारात काढले, ते इथे सांगायला नको. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातले हाती येतात चोवीस-पंचवीस. ८,००० एमएएचच्या टॅबला भरायला तीस-एकतीस लागतात, म्हणजे पाऊण टॅब. पूर्ण भरायचा असेल तर पॉवर बँक २०,००० ची घ्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. पंधरा मिनिटांची पाच उरली आहेत, तेव्हा पटापट घेतो.

आधी टॅब कुणी घेऊ नये ते. महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर निविदा भरणाऱ्यांना डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं, ते टॅबवर चालत नाही. जीएसटी एकट्या मालकीचा असेल तर ओटीपीवर भागतं, कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर टोकनच. हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजचं. एक्सेलमधले मॅक्रो अँड्रॉइडवरही चालत नाहीत, आयपॅडवरही नाहीत. यातलं एक जरी तुमचं रोजचं काम असेल तर लॅपटॉप घ्या.

आकार. हातात धरून बागेत, होडीवर फिरायचं असेल तर ८ इंच. टेबलावर दोन खिडक्या शेजारी उघडून काम करायचं असेल तर ११. मायक्रोसॉफ्टची वर्ड-एक्सेल ॲप १०.१ इंचांपर्यंतच फुकट संपादन करू देतात, त्यापुढे वर्गणी लागते. ११ इंची घेणाऱ्यांनी ती किंमतीत धरावी, नाहीतर गूगलच्या शीट्सवर काम करावं.

रॅम खरी ८ जीबी, स्टोरेज १२८. डब्यावर ‘८ अधिक ८’ लिहिलेलं असतं त्यातले दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले, ते मोजू नका. स्टोरेज वेगवान यूएफएस आहे की हळू ईएमएमसी, हे विचारा. ईएमएमसीवर टॅब काही काळाने रेंगाळायला लागतो.

सिमचा टॅब घ्या. फोनच्या हॉटस्पॉटवर दोन्ही बॅटऱ्या उतरतात. आणि फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, बागेत उभं राहून जागेची नोंद असलेला फोटो काढायचा तर सिमचंच मॉडेल हवं. नवे सिमवाले आयपॅड फक्त ई-सिम घेतात, तेव्हा तुमची कंपनी टॅबला ई-सिम देते का ते आधी विचारा. डोंगराआडच्या वाडीत बीएसएनएलवर अवलंबून असाल तर टॅबच्या यादीत बँड २८ शोधा. तो ७०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात.

पेन. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यापुरती बॅटरी लागत नाही, आणि पडद्यावर पागोळीचे थेंब पडले, बोटाचा स्पर्श वेडावाकडा जायला लागला, तरी पेन चालत राहतं. ॲपलचं पेन्सिल चार्ज करावं लागतं. त्यातलं स्वस्त, सी-टाइपचं, दाब ओळखत नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी ते घेऊ नये.

मराठी. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर हाताने लिहिलेलं आणि बोललेलं मराठी दोन्ही उमटतं. पण श्रीलिपीत किंवा सुरेखमध्ये, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली फाइल टॅबवर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. ती संगणकावरूनच पीडीएफ करून घ्या, किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता नावं. बंदर आणि बाग यांसाठी गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह ५: ८ इंच, आयपी ६८, बॅटरी हाताने बदलता येते, पेन डब्यातच. होमस्टे आणि शाळेसाठी टॅब एस ९ एफई किंवा एस १० एफई, दोन्ही आयपी ६८, पेन डब्यात, मेमरी कार्डाची सोय. बंद, एसी खोलीत बसून लेखन-हिशेब करणाऱ्यांना आयपॅड एअर आणि मॅजिक कीबोर्ड. हात आखडता असेल तर टॅब ए ९ प्लस, ८ जीबीचाच. त्याला आयपी ६८ नाही, म्हणजे सिलिकाचा डबा सक्तीचा. शिवाय त्याचं, आणि वरच्या एफई टॅबचंही, पोर्ट यूएसबी २ चं, केबलने प्रोजेक्टरला जोडता येणार नाही, शिक्षकांनी लक्षात ठेवा.

दुकानात पैसे मोजण्याआधी चार गोष्टी. केबल दोन्ही बाजूंनी लावून चार्जिंग सुरू होतं का बघा. तुमचं सिम घालून रेंज बघा. टॅब दुकानाबाहेर उन्हात न्या, पूर्ण प्रकाशावर अक्षरं वाचता येतात का बघा. आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे विचारून घ्या. बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालायची थांबतात. बिलावर आयएमईआय, म्हणजे टॅबचा ओळख क्रमांक, लिहून घ्यायला विसरू नका.